सोलापुरात डोंगर नाही, मग राजगड-तोरणा-रायगडची तयारी कशी करायची?

शेंगापोळी (धागाकर्ती), 9 ऑगस्ट

नमस्कार मंडळी. येत्या डिसेंबरात मी आणि माझी भाची राजगड-तोरणा-रायगड सलग चालून करायचं म्हणतोय. गुंजवण्यातून राजगड, संजीवनी माचीकडून डोंगरधारेने तोरणा, तिथून सिंगापूर गाव गाठून नाळेने (डोंगरातल्या घळीने) कोकणात उतरायचं आणि शेवटी रायगड. सोबत पुण्यातला ओळखीचा गट आहे. त्यातल्या दोघांनी ही वाट आधी केलेली आहे, त्यामुळे वाट चुकण्याची भीती नाही.

अडचण तयारीची आहे. जिथे वाचावं तिथे एकच सल्ला: दर रविवारी सिंहगड करा. पुणेकरांना ते जमतं. आम्ही सोलापूरकरांनी काय करायचं? आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, पण सगळं सपाट. किल्ला आहे तोही भुईकोट!

माझ्याबद्दल: चाळिशी ओलांडली आहे, शाळेत शिकवते, दिवसभर उभं राहायची सवय आहे. बरीच वर्षं कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाते. पाठीवर ओझं घेऊन मात्र कधी चालले नाही. भाची बॅडमिंटन खेळते, तिची काळजी नाही. सरावाचं, बुटांचं, खाण्याचं, जे सुचेल ते सांगा. हातात चार महिने आहेत.

वारकरी_पाय

ताई, सोलापूर-तुळजापूर म्हणजे पंचेचाळीस किलोमीटर, तेही रातभर, डांबरावर. ते ज्याला जमतं त्याला काय जमणार नाही? आळंदी-पंढरपूर अडीचशे किलोमीटर सत्तरीच्या आज्या डोक्यावर तुळस घेऊन चालतात. दम तुमच्याकडं हाय. तुम्ही पायाच्या कातड्याची काळजी घ्या, बाकी आपोआप होतंय बगा.

फोड तीन गोष्टींनी येतो: घासणं, उष्णता आणि ओल. ह्यातली एक जरी तोडली तरी फोड टळतो. रोज झोपताना तळपायाला खोबरेल चोळा, पण चालायला निघताना तेल नको, धूळ चिकटते. निघताना बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन. टाच किंवा चवडा जरा जरी गरम लागला तर तिथंच थांबा. "पुढच्या टप्प्यावर बघू" म्हटलं की फोड झालाच. लगेच कागदी चिकटपट्टी लावायची, औषधाच्या दुकानात मायक्रोपोर म्हणून मिळते. सुरकुती पडू देऊ नका, सुरकुतीच घासते. थांबलं की बूट-मोजे काढून पाय वाळवा. पायाची नखं निघायच्या चार-पाच दिवस आधी सरळ कापा. आदल्या रात्री कापली तर कोपरे टोचतात.

भुईकोट

वारकरी काकांचं पायाबद्दलचं सगळं शंभर टक्के मान्य, छापून ठेवावं असं आहे. पण "बाकी आपोआप होतं" याच्याशी सहमत नाही, आणि ताईंच्या भल्यासाठी हे स्पष्ट सांगतो. मी सोलापूरचाच, नोकरीमुळे पुण्यात आलो, आणि आपल्याकडची चांगली चालणारी माणसं सह्याद्रीत कुठे अडकतात ते मी वारंवार बघितलंय. चढताना अडकत नाहीत. हळूहळू का होईना, चढतात. अडकतात ती उतरताना.

तोरणा 1403 मीटरचा, राजगड उंचीला त्याच्या जवळपासच. म्हणजे पहिल्या दिवशी चढलात, दुसऱ्या दिवशी संजीवनीच्या बाजूने उतरून धार पकडलीत, पुन्हा तोरण्याला चढलात, पुन्हा उतरलात. आणि त्यानंतर, मांड्या थकलेल्या असताना, घाटमाथ्यावरून नाळेतून पाचशे मीटरच्या वर उतार. नाळ म्हणजे पावसाळ्यात पाणी धावतं ती घळ. नुसते सुटे दगड-धोंडे, एकेक पायरी गुडघ्याएवढी. तिथे तुळजापूरचा रस्ता कामाला येत नाही.

तेव्हा सराव उताराचा करा. आणि पाठीवर ओझं घेऊन करा.

माळढोक

धागा वाचतोय. मीही इथलाच, संभाजी तलावाला रोज पळतो. उताराचा सराव म्हणता, पण उतार आणायचा कुठून? हिप्परग्याच्या तलावाचा बांध आणि रेल्वेवरचा पूल सोडला तर सोलापुरात दुसरा उतार मला तरी माहीत नाही. रोज सात-आठ किलोमीटर पळणाऱ्यालाही हा उतार जड जाईल का?

फिजिओताई

माळढोक, जड जाऊ शकतो, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचं वजन तोलून धरतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. या ताणाखालच्या कामात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. म्हणून मोठा उतार उतरल्यावर त्याच दिवशी फारसं काही वाटत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना माणूस कठडा धरतो. दुखणं साधारण 24 ते 72 तासांत सर्वात जास्त असतं. शेंगापोळीताई, तुमच्या वेळापत्रकात हे तास नेमके नाळेच्या दिवशी येतात.

दिलासा असा की स्नायू हे लवकर शिकतो. एकदा उताराचा ताण दिला की पुढचे काही आठवडे तोच ताण त्याला कमी बाधतो. त्यामुळे सराव फार नसला तरी चालेल, पण तो उताराचाच हवा आणि शेवटचा मोठा सराव निघण्याच्या दोन आठवडे आधी व्हायला हवा. अगदी आदल्या आठवड्यात नको.

डोंगराची गरज नाही. जिना आहे ना! एका मजल्याला 3 मीटर धरा. पाच मजली इमारतीत एक फेरी म्हणजे 15 मीटर चढ आणि 15 मीटर उतार. गुंजवण्यातून राजगड सहाशे मीटरच्या वर आहे. म्हणजे चाळीसेक फेऱ्या झाल्या की एक राजगड झाला. पहिल्या आठवड्यात पाच-सहा फेऱ्यांवर थांबा. चढायला हवं तर लिफ्ट वापरा, उतरायचं मात्र पायांनी. पाऊल हलकं टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, कठड्याला हात लावू नका. याखेरीज एका पायरीवर उभं राहून दुसरा पाय सावकाश खाली टेकवून परत घ्यायचा, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. हे घरात रोज करता येईल. आधीपासून गुडघा दुखत असेल किंवा उतरताना गुडघ्यात कळ येत असेल तर हे सुरू करण्याआधी दाखवून घ्या.

शेंगापोळी

हे फारच पटलं. आमची इमारत चार मजलीच आहे, पण जिना रुंद आहे. उद्यापासून सुरुवात. ओझं कसं आणि किती घ्यायचं?

घाटमाथा

पाठपिशवी, आतल्या पाण्यासकट, तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत हवी. पंचावन्न किलोच्या माणसाला अकरा किलो ही कमाल. मी तर आठ-नऊच्या पुढे जाऊ नका म्हणेन. पाणी तीन लिटर म्हणजे तीन किलो तिथेच गेले. सरावाला पाण्याच्या बाटल्याच भरा. दोन बाटल्यांपासून सुरू करा, दर आठवड्याला एक वाढवा. थकलात तर पाणी ओतून ओझं कमी करता येतं, विटा किंवा पुस्तकं भरली तर ती सोय नाही.

पिशवीचा कमरपट्टा हाडावर घट्ट बसवा. वजन कमरेने घ्यायचं असतं, खांद्यांनी फक्त तोल सांभाळायचा. पट्टा नसलेली कॉलेजची सॅक घेऊन हा ट्रेक करू नका.

बूट आत्ताच घ्या, डिसेंबरात नको. संध्याकाळी, दिवसभर चालून पाय सुजलेले असताना, जाड मोजे घालून घ्या. पुढे अंगठ्याला बोटभर जागा राहिली पाहिजे, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. महाग बूट लागत नाहीत. अॅक्शनच्या ट्रेकिंग बुटांवर महाराष्ट्रातली अर्धी पोरं सह्याद्री फिरली आहेत. तळ कातळावर धरणारा हवा, एवढंच बघा. आणि तेच बूट घालून जिना करा, तेच घालून तुळजापूर करा.

वारकरी_पाय

डांबरावर ते जाड बूट तापतात ओ. तुळजापूरला पाय भाजून निघतील.

घाटमाथा

काका, म्हणूनच तर. कुठे तापतं, कुठे घासतं ते घरापासून पंचेचाळीस किलोमीटरच्या आत कळू दे. तिथे गाडी मिळते. सिंगापूरच्या नाळेत मिळत नाही.

भुईकोट

आता खाणं. इथे आपण सोलापूरकर नशीबवान आहोत आणि मला याबद्दल मनापासून लिहायचंय. लोक दुकानातून महागडे बार आणतात. आपल्याकडे कडक भाकरी आहे! पापडासारखी पातळ, भाजून वाळवलेली, ओलावा जवळजवळ शून्य, त्यामुळे वजनाला हलकी आणि कित्येक दिवस टिकणारी. तिच्याबरोबर शेंगा चटणी. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात 560-570 कॅलरी असतात, पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, आणि चटणीतलं मीठ घामातून गेलेलं मीठ भरून काढतं. उखळात कुटलेली, तेल सुटलेली चटणी घ्या, मिक्सरची भुकटी तोंडात कोरडी पडते.

भाकरी पिशवीत चुरा होते, म्हणून तिच्या मापाचा स्टीलचा डबा घ्या. चुरा झाला तरी वाया जात नाही, रात्री गरम सूपमध्ये किंवा गावात ताक मिळालं तर त्यात कालवून खाता येतो. एक मात्र ध्यानात ठेवा: कोरडं खाणं पाणी मागतं. राजगड ते तोरणा धारेवर भरवशाचं पाणी नाही. राजगडावरच्या टाक्यांतून सगळ्या बाटल्या भरूनच निघायचं आणि पिण्याआधी ते शुद्ध करायचं, गोळ्यांनी किंवा उकळून. दुपारी दोनला पाणी संपलेलं असताना कडक भाकरी घशाखाली उतरत नाही.

पहिल्या दिवसासाठी धपाटे आणि शेंगा पोळी ठीक. (आयडीला जागा, ताई!) पुढे मुक्कामाच्या गावात आधी निरोप दिला तर पिठलं-भाकरी मिळते.

फिजिओताई

पाण्याबद्दल थोडं. नुसतं पाणी लिटरच्या लिटर पिऊ नका, रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं थकव्यासारखीच असल्याने ओळखू येत नाहीत. ओआरएसची पाकिटं ठेवा. नसतील तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. यापेक्षा मीठ वाढवू नका.

सोलापूरकरांनो, "आम्हाला उन्हाची सवय आहे" या भरवशावर राहू नका. आपलं ऊन कोरडं आहे, घाम लगेच वाळतो आणि अंग गार होतं. नाळ उतरून कोकणात आलात की हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही, म्हणजे अंग गार होत नाही. डिसेंबर असला तरी तिथे दुपारी वेग कमी करा.

आणि काका, एक विचारते: वारीत फोडातून सुई-दोरा ओवून दोरा आत ठेवतात, ते तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून बरं वाटलं. तो दोरा जंतूंना आत जायची वाट करून देतो. लहान फोड फोडूच नये. मोठा, चालू न देणारा असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढावं, वरची कातडी तशीच ठेवून पट्टी बांधावी. मधुमेह असलेल्यांनी तेवढंही स्वतः करू नये.

वारकरी_पाय

आमच्यात आजही करतात दोरा. पण तुम्ही म्हणता ते खरं, एकाचा पाय पिकलेला मी डोळ्यानं पाहिलाय. पुढच्या वारीला आमच्या दिंडीत सांगतो.

निशिगंध

शेंगापोळीताई, बायकांचं काही कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पाळी त्या दिवसांत येणार असेल तर गोळ्या घेऊन पुढे ढकलण्याआधी डॉक्टरांशी बोला. पॅड नेलात तर वापरलेले कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात परत आणा, गडावर पुरू नका, जनावरं उकरतात. शौचाला पाण्याच्या टाक्यांपासून लांब. आणि लघवीला जावं लागेल म्हणून पाणी कमी पिण्याची सवय आपल्याला शाळा-ऑफिसात लागलेली असते, ती तिथे मोडा. गटात पहिल्याच दिवशी सरळ सांगून टाकायचं की अधूनमधून थांबावं लागेल.

शेंगापोळी

निशिगंध, खूप आभार. हे विचारायचं मनात होतं, धीर होत नव्हता.

शेंगापोळी, ऑक्टोबर अखेर

मंडळी, हालहवाल द्यायला आले. जिना नेमाने चालू आहे, भाचीही येते. शेजारच्या काकू आधी बघत होत्या, आता त्याही आमच्याबरोबर दोन फेऱ्या उतरतात. कोजागरीला तुळजापूर नव्या बुटात आणि पाठीवर सहा किलो घेऊन केलं. काका, तुम्ही म्हणालात तसे बूट तापले, पण टाच गरम लागली तिथेच थांबून पट्टी लावली आणि फोड आला नाही. घाटात मात्र ओझ्याने वेग निम्मा झाला.

त्यानंतर येडशीच्या रामलिंगला जाऊन आलो, बालाघाटातला खराखुरा उतार म्हणून. दरीत उतरायचं, वर यायचं, पुन्हा उतरायचं. दुसऱ्या दिवशी वर्गात उभी होते, मांड्या चांगल्याच बोलत होत्या. पंधरवड्याने पुन्हा तेच केलं तेव्हा जवळजवळ काही जाणवलं नाही. फिजिओताई, तुम्ही लिहिलं होतंत तसंच झालं.

आता प्रश्न वेळेचा. गटातले म्हणतात राजगड-तोरणा पाच तासांत होईल.

भुईकोट

रामलिंगचं वाचून फार आनंद झाला!

पाच तास धरू नका. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक साधा नियम दिला होता: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. बारा किलोमीटर आणि सहाशे मीटर धरले तर साडेतीन तासांच्या आत येतं. पण तो नियम चांगल्या वाटेवर, हलक्या ओझ्याने, न थांबता चालणाऱ्यासाठी आहे. धारेवरचं वाळलेलं निसरडं गवत, घसारा (सुटी माती-खडी) आणि तोरण्याच्या बुधला माचीकडचा शेवटचा चढ हे धरून आपण दुप्पट धरायचं. सात ते आठ तास. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे सकाळी सातला राजगड सोडलाच पाहिजे.

दुसरं, आणि हे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं: तोरण्यावर थांबून ठरवा. तिथून वेल्ह्याला उतरलं की पुण्याची गाडी मिळते. तोरण्यापुढे अशी सोपी पळवाट नाही. दोघींपैकी कुणाचाही गुडघा कुरकुरत असेल तर वेल्ह्यात उतरा, रायगड फेब्रुवारीत करा. हे आत्ता घरी बसून गटाशी बोलून ठेवा. गडावर, सगळ्यांच्या उत्साहात, "मी थांबते" म्हणणं फार अवघड असतं.

माळढोक

हे शेवटचं खूप मोलाचं. वाचनखूण साठवली.

घाटमाथा

थोडं राहिलेलं. गडावर मुक्कामाचे नियम बदलत असतात, गुंजवण्यात पोचल्यावर गावात विचारूनच वर जा. तोरणा ते कोकण या टप्प्याला गटातल्यांना वाट माहीत असली तरी गावातला वाटाड्या घ्या. पावसाळ्यानंतर गवत माजतं, वाटा झाकल्या जातात, आणि त्यांना चार पैसेही मिळतात. रोख रक्कम सुट्टी करून न्या.

मधमाश्यांबद्दल गटातल्या प्रत्येकाला सांगा. अत्तर, डिओ, उग्र वासाचं तेल नको. कड्याजवळ शेकोटी आणि धूर नको, आरडाओरडा नको. उठल्याच तर तोंड-डोकं कापडाने झाकून, हात न झटकता तिथून लांब जायचं.

रेंज बऱ्याच ठिकाणी नसते. घरी एका माणसाकडे रोजचा मुक्काम आणि वाटाड्याचा नंबर लिहून ठेवा, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची तेही ठरवा. अडचण आलीच तर 112 आहेच, शिवाय महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन आहे. तिचा नंबर आधीच फोनमध्ये भरून ठेवा.

वारकरी_पाय

ताई, सोलापुरी चादर नेणार का हो? माचीवर थंडी लई असती म्हणतात.

भुईकोट

काका, चादरीवर आपलं सगळ्यांचं प्रेम आहे, पण सुती आहे, जड आहे, आणि दवाने भिजली की वाळत नाही. तसंच टर्किश टॉवेलचं. त्याऐवजी हलकी स्लीपिंग बॅग, एक विंडचीटर, कानटोपी आणि अंग पुसायला साधा पंचा. रात्री झोपायला एक कोरडा कपड्यांचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळा बांधून ठेवा. कितीही मोह झाला तरी तो चालताना घालायचा नाही.

शेंगापोळी, डिसेंबर

पिशवी भरली. पाण्यासकट नऊ किलोच्या थोडी खाली बसली, भाचीची साडेनऊ. शेवटचा मोठा जिना पंधरा दिवसांपूर्वी झाला, आता फक्त तलावाभोवती फिरणं. तोरण्यावर थांबून ठरवायचं हे गटाला फोनवर सांगितलं. त्यांनाही ते पटलं, उलट एक जण म्हणाला की त्यालाही हे म्हणायचंच होतं. कडक भाकरी दोन डबे, चटणी आईने स्वतः कुटून दिली. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला आणि तिथून गटाच्या गाडीने गुंजवणे. येताना महाडहून एसटी.

एक शेवटचं विचारते: काठी एक घ्यावी की दोन?

फिजिओताई

उतारासाठी दोन. उतरताना नेहमीपेक्षा थोड्या लांब करून पावलाच्या पुढे टेकवा, गुडघ्यावरचा भार कमी होतो. पण नाळेत जिथे हाताने दगड धरायचा असतो तिथे दोन्ही मिटवून पिशवीला बांधा, मनगटात अडकवून ठेवू नका.

घाटमाथा

आणि टोकांना रबरी बूच लावून न्या, कातळावर लोखंडी टोक सटकतं. गुंजवण्यातून चोरदरवाज्याच्या वाटेने जाणार असाल तर शेवटच्या टप्प्यात रेलिंग धरावं लागतं, तिथेही काठ्या आतच.